पाटी फक्त रिसोड बोलली

१

"सपना, खरं सांग, भुरीबाईचे आवाज तूनंच पुसले का?"

प्रश्न वर्षाराणीच्या तोंडचा, पण पैज तिच्या मैत्रिणींची. मेडशीच्या शाळेत कालपासून सगळे हेच कुजबुजत होते, नळावर, सायकली लावताना, पार प्रार्थनेच्या रांगेतसुद्धा. सपनाला समोर जाऊन विचारायची मात्र कोणाचीच छाती नव्हती. "तू औंदा लय बोलकी झाली ना वं? जाय मंग, विचारून दाखव," असं मागच्या बाकानं डिवचलं आणि वर्षाराणी ताडकन उठलीच! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणताना जिचा आवाज घशातच बसायचा, ती ही पोरगी. यंदा कबड्डीच्या संघात शिरली, तालुक्याच्या मैदानावर घसा फुटेस्तोवर ओरडली, आणि तेव्हापासून तिला स्वतःचा आवाज इतका आवडायला लागला होता की काही विचारू नका.

सपना वऱ्हांड्याच्या पायरीवर एकटीच डबा खात बसली होती. एरवी तिच्या डब्यातल्या ठेच्यासाठी चार जणी हात पुढे करायच्या. आज पायरी मोकळीच होती.

"हो," सपना म्हणाली. "काढले मीच. पन एकदाच."

मागे खांबाआड दबा धरलेल्या मैत्रिणींनी एकदम श्वास ओढला. वर्षाराणीला वाटलं होतं, ही रडेल, नाहीतर भांडेल. पण ही तर शांतपणे पोळी खात होती.

"एकदाच म्हंजे?"

"म्हंजे एकदा. पुढं काय झालं ते मले माहीत नाई. सभेत बी मी हेच सांगून राह्यली होती. 'हो, मीच काढलं' एवढं आयकलं लोकायनं, आन झालं. पुढचं आयकाले थांबलंच नाई कोनी." सपनानं डब्याचं झाकण लावलं. "तू आता माह्या जागेवर बसतं ना? मंग तूच शोध."

ती उठून गेली. पैज जिंकली होती, पण वर्षाराणीच्या तोंडाची चव गेली ती गेलीच.

२

झालं होतं ते असं.

मेडशीच्या एसटी थांब्यावर पाटी वाचता न येणारी माणसं भुरीबाईला विचारतात. ती तिथे पेरूची टोपली घेऊन बसते, आणि येणारी गाडी अकोल्याची की वाशीमची हे ती लांबूनच सांगते. पण भुरीबाई नसेल तेव्हा? म्हणून शाळेतल्या तिघांनी बोलती पाटी बनवली. संगणकाचा पडदा, त्यावर गाड्यांच्या वेळा, आणि गावाच्या नावावर बोट ठेवलं की भुरीबाईचा आवाज: "अकोल्याची गाडी लागली, चाला बापा, सामान सांबाळा!" बोलायची करामत उदयसिंगची, वेळांचं पान सपनाचं, आणि थांब्यावर बसून एकेका गावाचा आवाज मोबाइलात भरून आणायचं काम निकिताचं. वाशीमच्या जिल्हा प्रदर्शनासाठी पाटीची निवडसुद्धा झाली होती.

मग पालकसभेत पाटी चालवून दाखवली. अकोला दाबलं, पाटी गप्प. वाशीम दाबलं, गप्प. मालेगाव, पातूर, गप्पच! घामाघूम झालेल्या निकितानं रिसोड दाबलं, तेव्हा कुठे भुरीबाई खणखणीत बोलली, "रिसोडची गाडी हाय, मागच्या दारानं चढू नका!" सगळी सभा खो खो हसली. "शाळेले फक्त रिसोडलेच जायचं वाटते," असं कोणीतरी मागून म्हणालं.

नरेंद्र सरांनी तिथेच प्रकल्पाची आठवण उघडली. ही आठवण ठेवणाऱ्या यंत्रणेला गिट म्हणतात. कोणी काय बदललं ते तिच्यात ओळीनं राहतं. प्रत्येकानं आपलं काम वेगळ्या फांदीवर करायचं आणि जमलं की खोडाला जोडायचं. जोडलेलं बिघडलं तर ते 'रिव्हर्ट' करायचं, म्हणजे उलटवायचं. उलटवलं तरी जुनी नोंद काही मिटत नाही. अमक्यानं अमकं उलटवलं, अशी आणखी एक नोंद तिच्यापुढे पडते. तशी एक नोंद पडद्यावर होती: निकिताचे आवाज उलटवले, नाव सपना.

शाळा समितीत वर्षाराणीचे बाबा होते, जगदेव. शेतात हाळी देऊन देऊन आवाज असा कमावलेला की माइक लागत नाही. ते उठले आणि म्हणाले, "नाव समोर हाय, पोरगी बी हो म्हनते. आनखी काय पायजे? काढा तिले." कोणी आडवं बोललं नाही. इतक्या चटकन, इतक्या जणांना ते खरं का वाटलं, हेही कोणी विचारलं नाही. विहाराजवळच्या आळीतली चारदोन माणसं तेवढी उठून बाहेर गेली. त्यात सपनाचे आईवडील होते, ग्यानबा आणि विमलबाई.

सपनाची जागा मोकळी झाली. त्या जागेवर नाव लागलं वर्षाराणीचं!

काल ती आनंदानं घरभर नाचली होती. आणि भुरीबाई तर लेकीच्या बाळंतपणाला पुसदला गेलेली, प्रदर्शन होईपर्यंत ती काही परत येत नव्हती. म्हणजे आवाज पुन्हा भरायचीही सोय नाही.

'एकदाच,' सपना म्हणाली होती. खोटं बोलायचं असतं तर ती 'एकदाही नाही' म्हणाली असती की!

३

वर्षाराणीनं आधी निकिताला गाठलं, मैदानाच्या कडेला.

"सपनानं तुले न सांगता काढले होते का गं आवाज?"

निकिता आधी इकडेतिकडे पाहत राहिली. "सांगून काढले. मी पयल्यांदा जोडलं ना, तवा आवाज लावता लावता वेळांच्या पानावर माहीच चूक झाली होती. अकोल्याच्या गाड्या वाशीमच्या खाली गेल्या. सपना म्हने, पान चुकलेलं ठेवता येत नाई, सगळं उलटवते, तू दुरुस्त करून परत जोड. मी म्हनलं, कर."

"मंग तू परत जोडलं?"

"जोडलं ना! चूक दुरुस्त केली, रिसोडचा आवाज राह्यला होता तोही टाकला, आन जोडलं. जोडलं गेलं असा संदेश बी आला. सर म्हनतात तशी जोडलेली फांदी छाटून टाकली, मोबाइल भरला होता तर तिथले आवाज बी पुसले. आता काईच नाई माह्याजवळ." तिचे डोळे भरून आले. "मी परत जोडल्यावर कोनीतरी परत काढलं, वर्षा. दुसरं कोन असनार?"

"जोडल्यावर वाजवून पाह्यलं होतं का?"

"रिसोड वाजवलं. नवीन तेच होतं ना."

"आन हे सगळं सभेत काहून नाई बोलली?"

"तुह्या बाबायच्या आवाजापुढं कोन बोलते वं?" निकिता म्हणाली. वर्षाराणीला हे जरा लागलं, पण तिनं ते गिळलं. जाता जाता निकिता सहज बोलून गेली, "पयल्या वेळी आवाज वर चढवाले किती वेळ लागला होता माय! नेट रांगूनच राह्यलं होतं. दुसऱ्या वेळी पटकन झालं, बरं वाटलं."

पटकन? तेच जड आवाज, तेच मरतुकडं नेट, आणि दुसऱ्यांदा पटकन?

उदयसिंग संगणक कक्षात होता. सगळे पासवर्ड याच्याकडे, म्हणून चालताना खांदे जरा जास्तच हलवणारा. वर्षाराणीनं आडून विचारलंच नाही.

"उदय, आठवन कापून टाकता येते का रे? नोंदच राहू द्यायची नाई, असं?"

"येते ना. शेपटाकडून, म्हंजे शेवटल्या नोंदीपासून, कापायची. मी ठरवलं तर कोनाच्या बापाले पत्ता नाई लागनार."

"मंग तूनंच कापलं असन."

"ए बाई!" तो खुर्चीतून उठलाच. "बोलायची करामत माही हाय. आवाजच नसले तर माही करामत कायची? आन डोकं लाव ना जरासं. मी निकिताच्या जोडन्यानंतरचं काई कापलं असतं, तर तिचं जोडनं आवाजासकट शेपटाले राह्यलं नसतं का?"

"राह्यलं हाय का?"

उदयसिंगनं आठवण उघडली आणि दोघंही पडद्यापाशी वाकली. निकिताचं पहिलं जोडणं. त्यानंतर सपनाचं उलटवणं. त्यानंतर निकिताचं दुसरं जोडणं. त्यानंतर काहीच नाही.

"पाह्य," उदयसिंग म्हणाला, आणि मग त्याचाच आवाज बारीक झाला. "पन... तिच्या जोडन्याच्या आत तरी आवाज पायजे होते ना?"

"म्हंजे तूनं बी काई कापलं नाई." वर्षाराणी जणू स्वतःशीच बोलत होती. "सपनानं काढलं ते निकितानं परत जोडायच्या आधी. नंतर कोनीच हात लावला नाई. मंग आवाज गेले कुठं? आन ज्यानं नेले त्यानं रिसोडच काहून सोडलं?"

उदयसिंगनं खांदे उडवले. "निकितानं जोडलेच नसतीन. घाबरून खोटं सांगून राह्यली असन."

आता ही आणखी एक आली! वर्षाराणी घरी गेली ती सपनाला सोडवायला निघालेली आणि निकितालाच अडकवून बसलेली.

४

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळात भंडारा होता. रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि शेवटी बुंदी. गाव लोटलं होतं. वर्षाराणी आईशेजारी पंगतीत बसली, पण डोक्यात रिसोडची गाडी घुमत होती.

वाढायला तिचा चुलतभाऊ विकास होता. त्यानं रोडगे टाकले, वर तूप सोडलं, भाजी वाढली. आणि वर्षाराणीची पत्रावळ नेमकी फाटकी! वरण खालून पाझरत थेट तिच्या ओढणीकडे निघालं. "अगं अगं, उचल ते," असं म्हणत आईनं, म्हणजे रुख्मिणीबाईंनी, भरलेली पत्रावळ तशीच गुंडाळली, बाजूच्या टोपल्यात टाकली आणि तिच्यापुढे नवी मांडली.

तेवढ्यात विकास दुसऱ्यांदा आला, बुंदीचं घमेलं घेऊन. त्यानं मूठभर बुंदी टाकली आणि पुढे सरकला.

"ए दादा, रोडगे!"

"वाढले ना तुले रोडगे," विकास मागे न पाहताच म्हणाला. "आठवते मले. दोन टाकले."

"ते फेकले ना! पत्रावळ पाह्य ना माही!"

"मी पत्रावळी पाहत बसलो तर पंगत उठन का आज? ज्याले वाढलं त्याले वाढलं."

शेजारच्या बायका हसल्या. वर्षाराणीनं हसायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. समोर कोरी करकरीत पत्रावळ, आणि तिच्यावर एकटी बुंदी.

"माय," ती म्हणाली, "हे रिसोड हाय!"

"काय हाय?"

"रिसोड! दादानं नवीन तेवढं वाढलं. जुनं त्याच्या हिशोबी वाढून झालेलं. पत्रावळीवर ते हाय का नाई, हे तो पाहतच नाई!"

रुख्मिणीबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "आधी खाऊन घे," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या पत्रावळीतला अर्धा रोडगा तिच्या पुढ्यात सरकवला. पण पोरीचा एक पाय पंगतीच्या बाहेर पडलेला होता.

५

"सर, मले पाटीले हात नाई लावायचा. मले कोरा प्रकल्प द्या. पाच मिनिटं."

नरेंद्र सर मुळात गणिताचे. गिट त्यांच्या गळ्यात यंदाच पडलेलं, आणि अख्ख्या वर्गाबरोबरच ते शिकत होते. त्यांनी खुर्ची सोडली. निकिता आणि उदयसिंग मागे उभे. वर्षाराणी सपनालाही बोलवायला गेली होती. ती आत आली नाही, दाराबाहेर वऱ्हांड्यात थांबली.

वर्षाराणीनं कोऱ्या प्रकल्पात फांदी काढली. फांदीवर दोन फायली टाकल्या: रोडगे, भाजी. खोडाला जोडल्या. मग ते जोडणं उलटवलं. खोड रिकामं झालं.

"हे सपनानं केलं तेवढंच. आता निकितानं केलं तसं." तिनं त्याच फांदीवर तिसरी फाइल टाकली, बुंदी. "आता ही फांदी परत जोडते. खोडावर काय काय येईन?"

"तिन्ही," निकिता म्हणाली.

"तिन्ही," सर म्हणाले.

वर्षाराणीनं जोडलं. जोडलं गेलं, असा संदेश आला. खोडावर फाइल होती एकच. बुंदी!

मग उदयसिंगच्या तोंडून हळूच निघालं, "आयला."

"याले वाटते, रोडगे, भाजी तर मी एकदा जोडले," वर्षाराणी आता जोरात आली होती, हात नाचवून सांगत होती, "मंग तुमीच मले ते काढाले सांगतलं. म्हंजे तुमाले ते नको हायत. आता जे नवीन दिसते तेवढंच घेतो. निकितानं खरंच परत जोडलं, सर. पन गिटनं घेतलं फक्त रिसोड. पटकन काहून झालं? जुने आवाज त्याच्याजवळ होतेच, परत चढवाचं कामच नव्हतं. कोनी चोरलं नाई, कोनी खोटं बी बोललं नाई. सपना एकदाच म्हनत होती, तर एकदाच!"

सर पडद्याजवळ वाकले. "म्हणजे आवाज आत आहेत?"

"असायलाच पायजे. सपनाचं उलटवनं आपुन उलटवू."

"उलटवलेलं उलटवायचं?" उदयसिंग म्हणाला. "असं बी असते?"

"ती बी एक नोंदच ना शेवटी. करून तर पाह्य."

उदयसिंगनं पाटीचा प्रकल्प उघडला आणि सपनाच्या नोंदीवर रिव्हर्ट चालवलं. निकितानं डोळे गच्च मिटून अकोला दाबलं.

"अकोल्याची गाडी लागली, चाला बापा, सामान सांबाळा!"

निकिता तिथेच रडायला लागली. वाशीम बोललं, मालेगाव बोललं, पातूर बोललं. वर्षाराणीनं तर उडीच मारली. मग सर चष्मा वर करून म्हणाले, "पण हे काय? अकोल्याच्या गाड्या वाशीमच्या खाली?"

आवाजांसोबत निकिताची जुनी चूकही परत आली होती! रडता रडताच निकिता हसली. "थांबा, ते मी करते. आता पाठच झालं मले," असं म्हणून ती कीबोर्डाशी बसली.

भुरीबाईचा आवाज दारातून बाहेर गेलाच असणार. वर्षाराणी धावत वऱ्हांड्यात आली. सपना कठड्याला टेकून उभी होती.

"आयकलं?"

"आयकलं." सपनाच्या ओठांवर हसू आलं आणि तसंच मावळलं. "चांगलं शोधलं तूनं. मले वाटलं नव्हतं."

"चाल ना आत. सर बोलावून राह्यले."

"मी नाई येत."

"काहून? आता तर तुह्या अंगावर काईच नाई राह्यलं!"

"कोनाच्या हिशोबी?" सपना सावकाश म्हणाली. "या खोलीतल्या चौघायच्या. मले काढलं कुठं? भरल्या सभेत, माह्या मायबापासमोर. माही माय त्या दिवसापासून नळावर पानी भराले बी लवकर जाते, कोनी भेटू नये म्हनून. आता गुपचूप मागच्या दारानं येऊन बसू मी? जिथं काढलं तिथं सांगा, मंग येईन. नाईतर तुमची पाटी तुमाले लखलाभ. आन हे मी रागानं नाई बोलून राह्यली."

ती खरंच रागानं बोलत नव्हती. वर्षाराणी वळली आणि सरांशी बोलायला आत गेली.

६

संध्याकाळी अंगणात तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग पडला होता. जगदेव आणि रुख्मिणीबाई सोलत बसले होते. वर्षाराणीनं सगळं सांगितलं, पंगतीपासून पाटीपर्यंत. बाबा मन लावून ऐकत होते. बुंदीच्या ठिकाणी तर ते मोठ्यानं हसले.

"वा गं माही पोरगी! विकासनं तुले शिकवलं म्हना की. झालं तर मंग, काई गेलं नाई, कोनाचं नुकसान नाई. सरायले म्हनतो मी, त्या पोरीच्या घरी निरोप धाडा. जीप मोठी हाय, चौघं बी बसतीन वाशीमले."

"ती नाई येत म्हनते. सभेत सांगा म्हनते."

जगदेवांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "आता त्याच्यासाठी सभेत कायले? लेकरायची गोष्ट हाय. चार दिवसात इसरते कोनीही. आन मी काई वाकडं बोललो नव्हतो, जे पडद्यावर दिसलं ते बोललो."

"दिसलं ते सगळ्यायलेच दिसलं," रुख्मिणीबाई शेंगांवरची नजर न उचलता म्हणाल्या. "बोलले तुमीच."

"तू बी आता?"

"मी काई नाई म्हनत. विमलबाई रस्त्यात भेटल्या तर मले काय बोलावं ते सुचत नाई, एवढंच."

वर्षाराणी उभी होती. बाबांसमोर मोठ्यानं बोलायची तिला कधी वेळच आली नव्हती. घरात तेवढा आवाज एकाचाच होता, आणि त्यात सगळे सुखानं राहत होते.

ती खाली बसली, बाबांच्या अगदी समोर, म्हणजे त्यांना दुसरीकडे पाहता येऊ नये.

"बाबा, माय, मी ठरवलं," ती म्हणाली. आवाज चढवायची गरज पडली नाही. "वाशीमच्या जीपमदे मी नाई बसत. ती जागा सपनाची हाय, आन मी सरायले तसं सांगून आली. येत्या सभेत तुमी उठून बोलले, तर मी मायच्या बाजूले बसून आयकन. तुमी नाई उठले, तर मी उठन, आन काय झालं ते सगळं सांगन, तुमचं नाव घेऊन सांगन. मागाहून कळलं असं नको व्हाले, म्हनून आजच तुमच्या तोंडावर सांगून राह्यली."